नव्वद मिनिटांचा हंगाम : महाविद्यालयीन फुटबॉल संघ वर्षभरात नेमका खेळतो किती?

भिलाई-३ (छत्तीसगड) : फुटबॉलच्या जगात ‘हंगाम’ या शब्दाला एक रूढ अर्थ आहे. संघाची बांधणी होते, काही महिने दर आठवड्याला सामने होतात, एखादा पराभव पुढच्या विजयाने भरून काढता येतो आणि अखेरीस गुणतक्ता कोण सरस ते सांगतो. देशातील बहुसंख्य महाविद्यालयीन संघांच्या वाट्याला असा हंगाम येत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील पहिलाच सामना हातून गेला, की त्यांचे त्या वर्षीचे फुटबॉल नव्वद मिनिटांत आटोपते. भिलाई-३ सारख्या ठिकाणच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या खेळाडूसाठी ही नव्वद मिनिटे केवळ हौसेची नसतात. विद्यापीठाच्या संघात निवड, सरकारी नोकरीतील खेळाडूंसाठीची संधी आणि पुढील कारकीर्द या सर्वांची वाट त्यांतूनच जाते. म्हणूनच या हंगामाची रचना समजून घेणे आवश्यक ठरते.

पोलाद, रेल्वे आणि मैदान

रायपूर आणि दुर्ग या दोन शहरांच्या दरम्यान, मुंबई-हावडा लोहमार्गावर भिलाई-३ वसले आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते दुर्ग जिल्ह्यातील भिलाई-चरोदा महानगरपालिकेत मोडते. शेजारीच चरोदा येथे मालगाड्यांची जुळणी करणारे रेल्वेचे मोठे यार्ड आहे, तर पश्चिमेकडे भिलाई पोलाद प्रकल्पाची वसाहत पसरली आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारण्याचा करार १९५५ मध्ये झालेल्या या प्रकल्पातील पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून देशाच्या सर्व भागांतील, महाराष्ट्रातीलही, कुटुंबे या पट्ट्यात येऊन स्थायिक झाली.

कामगारांच्या वसाहती आणि रेल्वेच्या वस्त्या हे भारतीय फुटबॉलचे जुने माहेर मानले जाते. जमशेदपूर असो, खरगपूर असो वा भिलाई, पाळी संपल्यावर मैदानावर उतरणारा कामगार आणि त्याच्याबरोबर खेळायला लागणारी त्याची मुले, हे चित्र या सर्व गावांत सारखेच राहिले. त्या मुलांपैकी अनेक जण पुढे येथील महाविद्यालयांत प्रवेश घेतात. भिलाई-३ येथील शासकीय पदव्युत्तर महाविद्यालयाला स्वातंत्र्यसैनिक आणि स्वतंत्र छत्तीसगड राज्याच्या कल्पनेचे आद्य पुरस्कर्ते डॉ. खूबचंद बघेल यांचे नाव आहे. दुर्ग येथील शासकीय स्वायत्त महाविद्यालय विश्वनाथ यादव तामस्कर यांच्या नावाने ओळखले जाते. तामस्कर हे मराठी आडनाव दुर्गच्या सार्वजनिक जीवनात किती रुजले होते, याची ती एक खूण आहे.

एका शिडीच्या पाच पायऱ्या

महाविद्यालयीन फुटबॉलची रचना शिडीसारखी आहे. पहिली पायरी महाविद्यालयाचा संघ. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर क्रीडा अधिकारी निवड चाचणी घेतात. महाराष्ट्रात ज्यांना शारीरिक शिक्षण संचालक म्हणतात, त्यांचेच काम छत्तीसगडमध्ये क्रीडा अधिकारी करतात. दुसरी पायरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची. छत्तीसगडमध्ये त्यासाठी महाविद्यालये ‘सेक्टर’ नावाच्या गटांत विभागली जातात. एका सेक्टरमधील महाविद्यालये आपसांत खेळतात आणि त्यांतून निवडलेले खेळाडू पुढच्या स्तरावर जातात.

तिसरी पायरी विद्यापीठाच्या संघाची. दुर्ग विभागातील महाविद्यालये हेमचंद यादव विद्यापीठाशी संलग्न आहेत. चौथ्या पायरीवर भारतीय विद्यापीठ संघाच्या विभागीय स्पर्धा येतात. त्यासाठी देशाचे पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण असे चार विभाग करण्यात आले आहेत. प्रत्येक विभागातील पहिले चार संघ, म्हणजे एकूण सोळा विद्यापीठे, पाचव्या पायरीवरील अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला पात्र ठरतात. तेथे चमकलेल्या विद्यापीठांना २०२० मध्ये भुवनेश्वर येथून सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धेचे दार उघडते.

विभागांच्या या वाटणीत मराठी वाचकाला लक्षात येण्याजोगी एक गोष्ट आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठे पश्चिम विभागात खेळतात, तर छत्तीसगडमधील विद्यापीठे पूर्व विभागात. त्यामुळे गोंदिया आणि राजनांदगाव हे जिल्हे एकमेकांना लागून असले, तरी गोंदियाच्या खेळाडूची विद्यापीठीय लढत गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोव्याशी होते आणि राजनांदगावच्या खेळाडूची पश्चिम बंगाल, ओडिशा, झारखंड, ईशान्य भारताशी. देशातील फुटबॉलची सर्वांत जुनी परंपरा पूर्वेकडील याच राज्यांत असल्याने छत्तीसगडच्या विद्यापीठांना अखिल भारतीय पातळीचे दार ठोठावण्यापूर्वीच कठीण परीक्षेला सामोरे जावे लागते.

बाद पद्धतीचे अंकगणित

हंगाम लहान का होतो, याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सर्वसाधारणपणे बाद पद्धतीने खेळवल्या जातात. सोळा संघांची स्पर्धा गृहीत धरली, तर विजेता ठरण्यासाठी पंधरा सामने पुरतात. त्यांपैकी आठ संघ प्रत्येकी एकच सामना खेळून घरी परततात. आणखी चार संघांच्या वाट्याला दोन सामने येतात. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन संघांना तीन आणि अंतिम सामना खेळणाऱ्या दोघांना चार सामने मिळतात. याचा अर्थ सोळांपैकी बारा संघांचा स्पर्धात्मक हंगाम एक किंवा दोन सामन्यांचा असतो.

आयोजकांच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची आहे. यजमान महाविद्यालयाला एक मैदान, मोजके पंच आणि तीन-चार दिवस पुरतात. पाहुण्या संघांच्या मुक्कामाचा आणि भोजनाचा खर्च आटोक्यात राहतो, वर्ग फारसे बुडत नाहीत. हेमचंद यादव विद्यापीठाचे कार्यक्षेत्र दुर्ग, बालोद, बेमेतरा, राजनांदगाव आणि कबीरधाम अशा विस्तृत प्रदेशात पसरले आहे. राजनांदगावचे विभाजन होऊन २०२२ मध्ये झालेले नवे जिल्हेही याच पट्ट्यात येतात. कवर्ध्याच्या संघाला भिलाईत वारंवार बोलावणे सोपे नाही, हे उघड आहे.

या सोयीची किंमत मात्र खेळाडू चुकवतात. बाद पद्धत विजेता शोधते, खेळाडू घडवत नाही. पहिल्या फेरीत बलाढ्य संघाशी गाठ पडलेल्या दुबळ्या संघातील गुणी मध्यरक्षक निवड समितीला एकदाच दिसतो. त्या दिवशी तो आजारी असेल, मैदान चिखलमय असेल किंवा पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या संघातील एखाद्याला लाल कार्ड मिळाले, तर त्याच्या गुणांचे मोजमाप होतच नाही. बरोबरीनंतर पेनल्टी किकवर हरलेला संघ तर नियमित वेळेत न हरताच स्पर्धेबाहेर जातो.

जिंकत गेलेल्याचीही एक अडचण

शिडीवर वर चढणाऱ्या खेळाडूची गोष्ट वेगळी, पण तीही सरळ नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चार सामने, विभागीय स्पर्धेत तीन फेऱ्या पार करून शेवटच्या चार संघांच्या साखळीत तीन सामने आणि अखिल भारतीय स्पर्धेत गट साखळीसह अंतिम फेरीपर्यंत सहा सामने, असा हिशेब केला, तर सर्वोच्च यश मिळवणारा खेळाडू वर्षभरात सोळाच्या आसपास सामने खेळतो. देशभरातील हजारो महाविद्यालयीन खेळाडूंपैकी इतके सामने मिळणारे अगदी मूठभर असतात.

शिवाय प्रत्येक पायरीवर संघ मोडतो. महाविद्यालयाचा संघ एकत्र सराव करतो, एकमेकांच्या चाली ओळखू लागतो आणि नेमक्या त्याच वेळी त्यातील दोन-तीन जणांची निवड होऊन उरलेल्यांचे वर्ष संपते. निवडलेले खेळाडू विद्यापीठाच्या सराव शिबिरात अनोळखी सहकाऱ्यांबरोबर थोडे दिवस घालवतात आणि लगेच विभागीय स्पर्धेसाठी रेल्वेत बसतात. फुटबॉल हा परस्परांच्या सवयी जाणण्याचा खेळ आहे. बचावफळीतील चौघांनी एकाच क्षणी पुढे सरकणे किंवा आघाडीपटू कोठे धावेल हे मध्यरक्षकाने न पाहता ओळखणे, या गोष्टी शिबिराच्या मोजक्या दिवसांत साधत नाहीत.

शरीरावरचा ताण हा तिसरा मुद्दा. उच्च दर्जाच्या फुटबॉलमध्ये मध्यरक्षक एका सामन्यात दहा ते बारा किलोमीटर धावतो. अशा सामन्यानंतर स्नायूंमधील ऊर्जेचा साठा पूर्ववत होण्यास आणि थकवा उतरण्यास साधारणतः ४८ ते ७२ तास लागतात, असे क्रीडावैद्यक सांगते. बाद स्पर्धांत मात्र लागोपाठच्या दिवशी सामने ठेवले जातात. वर्षातील बहुतेक काळ सामन्याविना बसलेला खेळाडू चार दिवसांत तीन सामने खेळतो, तेव्हा मांडीच्या मागील स्नायू आणि गुडघ्याच्या दुखापतींचा धोका वाढतो. थोडे सामने आणि तेही एकाच आठवड्यात दाटीवाटीने, अशी ही दुहेरी कोंडी आहे.

पाऊस, सण आणि परीक्षा

दिनदर्शिकाही या हंगामाला फारशी अनुकूल नाही. जुलैमध्ये शैक्षणिक वर्ष सुरू होते तेव्हा छत्तीसगडच्या मैदानी भागात पाऊस भरात असतो. प्रवेशप्रक्रिया लांबली, की नव्या विद्यार्थ्यांची चाचणीही लांबते. पाऊस ओसरू लागतो तोच दसरा-दिवाळीची सुटी येते आणि तिला लागून सत्र परीक्षा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम सत्र पद्धतीने चालू लागल्यापासून वर्षातून एकदा येणारी परीक्षा दोनदा येऊ लागली आहे. क्रीडा अधिकाऱ्याच्या हाती प्रत्यक्ष सरावासाठी उरतात ते पावसाच्या सरी आणि परीक्षेचे वेळापत्रक यांच्यामधील काही आठवडे.

वयाची अटही आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी खेळाडूचे वय १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान असावे लागते. तीन-चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात पहिले वर्ष ओळख करून घेण्यात आणि अखेरचे वर्ष नोकरीच्या चिंतेत जाते, हे लक्षात घेतले तर एका खेळाडूला खऱ्या अर्थाने मिळतात ते दोन हंगाम. त्यांतील प्रत्येक हंगाम एका सामन्याचा असला, तर महाविद्यालयीन कारकीर्द दोन-तीन सामन्यांची ठरते.

एका प्रमाणपत्राचे मोल

या सामन्यांचे महत्त्व मैदानापुरते असते, तर हा प्रश्न केवळ क्रीडाप्रेमींचा राहिला असता. केंद्र सरकारच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या नियमांनुसार गुणवंत खेळाडूंच्या नियुक्तीसाठी जे पात्र मानले जातात, त्यांत आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेल्या खेळाडूंचा समावेश आहे. मान्यताप्राप्त खेळांच्या यादीत फुटबॉल आहे. रेल्वेसारख्या मोठ्या नियोक्त्यांचे निकष अधिक कडक असून तेथे स्पर्धेतील स्थानही पाहिले जाते.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की महाविद्यालयाच्या संघातून विद्यापीठाच्या संघात जाणे ही नोकरीच्या अर्जातील एका रकान्याची बाब ठरते. रेल्वे यार्डाच्या आणि पोलाद प्रकल्पाच्या सावलीत वाढलेल्या विद्यार्थ्याला त्या रकान्याची किंमत नीट ठाऊक असते. घरातील ज्येष्ठांनी स्थिर नोकरीवर संसार उभा केलेला त्याने पाहिलेला असतो. तो रकाना भरला जाईल की नाही, हे मात्र एका दुपारी, एका मैदानावर, कधी एका पेनल्टी किकवर ठरते.

या बाबतीत विद्यापीठांची संख्या वाढल्याने काही प्रमाणात दिलासा मिळाला आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले, तेव्हा दुर्ग-रायपूरचा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताचाच भाग होता. पुढे १९४६ मध्ये सागर, १९६४ मध्ये रायपूरचे रविशंकर विद्यापीठ आणि २०१५ मध्ये दुर्गचे विद्यापीठ, अशी केंद्रे जवळ येत गेली. स्वतंत्र विद्यापीठ म्हणजे विद्यापीठाचा स्वतंत्र संघ. दुर्ग विभागातील खेळाडूला आता रायपूरच्या खेळाडूंशी त्याच मोजक्या जागांसाठी झगडावे लागत नाही.

त्याच वाटणीची दुसरी बाजूही आहे. भिलाईतील अभियांत्रिकी महाविद्यालये छत्तीसगड स्वामी विवेकानंद तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली खेळतात. २०१६ मध्ये सुरू झालेली भिलाईची आयआयटी ही स्वतंत्र संस्था आहे. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांची महाविद्यालये हेमचंद यादव विद्यापीठाकडे. परिणामी एकाच शहरात राहणारे, कदाचित एकाच मैदानावर संध्याकाळी सराव करणारे महाविद्यालयीन खेळाडू अधिकृत स्पर्धेत एकमेकांसमोर क्वचितच येतात. शेजारी तगडे प्रतिस्पर्धी असूनही सामने मिळत नाहीत, ही विसंगती त्यातून निर्माण होते.

मुलींच्या संघांना ही अडचण अधिक जाणवते, कारण पूर्ण अकरा जणींचा संघ उभा करू शकणारी महाविद्यालये कमी असतात आणि स्पर्धा आणखी लहान होते. वास्तविक छत्तीसगडमध्ये गुणवत्तेची वानवा नाही. बालोद जिल्ह्यातील किरण पिस्दा हिने भारतीय महिला संघापर्यंत मजल मारली आहे. नारायणपूरच्या रामकृष्ण मिशन आश्रमाच्या मैदानांवर अलीकडे राष्ट्रीय स्पर्धा झाल्या असून, राजमाता जिजाबाई करंडकाची राष्ट्रीय महिला स्पर्धाही तेथे रंगली.

इतरत्र काय घडते?

विद्यार्थ्यांना नियमित सामने मिळवून देण्याच्या निरनिराळ्या वाटा जगाने शोधल्या आहेत. ब्रिटनमध्ये विद्यापीठे बुधवारची दुपार परंपरेने खेळासाठी मोकळी ठेवतात. त्या दिवशी देशभरात विद्यापीठांचे साखळी सामने होतात, त्यामुळे ना परीक्षा बुडतात, ना मुक्कामाचा खर्च वाढतो. जपानमध्ये प्रादेशिक विद्यापीठ लीग महिनोन्महिने चालते. व्यावसायिक क्लबचा प्रस्ताव असतानाही काओरू मितोमा याने त्सुकुबा विद्यापीठात शिकणे पसंत केले, पदवीनंतर २०२० मध्ये तो व्यावसायिक संघात दाखल झाला आणि २०२२ च्या विश्वचषकात जपानकडून खेळला. त्याच संघातील युतो नागातोमो आणि जुन्या इतो हेही विद्यापीठीय फुटबॉलमधून आलेले. तेथे शिक्षण आणि फुटबॉल यांपैकी एकाचीच निवड करण्याची सक्ती खेळाडूवर येत नाही, कारण विद्यापीठाच्या संघाला खराखुरा हंगाम असतो.

फार दूर जाण्याचीही गरज नाही. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार यांसारख्या तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत खेळत असतात. आधी साखळी आणि नंतर बाद स्पर्धा, असा तेथील क्रम आहे. तालमीच्या संघात खेळणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला सामन्यांची सवय तेथेच लागते आणि महाविद्यालयाची स्पर्धा त्याच्यासाठी वर्षातील एकमेव संधी राहत नाही. कोल्हापूरने ही व्यवस्था पेठापेठांच्या निष्ठेवर उभी केली. प्रत्येक गावाला ती तशीच उचलता येणार नाही, पण तिच्यातील तत्त्व घेता येईल : आधी साखळी, मग बाद.

आठ संघ, सात बुधवार

दुर्ग-भिलाई-चरोदा या पट्ट्याला एक नैसर्गिक अनुकूलता लाभली आहे. दुर्ग, भिलाई नगर, भिलाई पॉवर हाऊस, भिलाई आणि चरोदा ही स्थानके एकाच लोहमार्गावर काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. येथील आठ महाविद्यालयांनी एकेरी साखळी खेळायची ठरवले, तर प्रत्येक संघाला सात सामने मिळतील आणि एकूण अठ्ठावीस सामने होतील. आठवड्यातून एक दुपार राखून ठेवली, तर हा कार्यक्रम सात आठवड्यांत पूर्ण होतो. प्रत्येक सामन्यानंतर खेळाडूला विश्रांतीसाठी पूर्ण आठवडा मिळतो आणि संघ सकाळी वर्गात बसून संध्याकाळी घरी पोहोचू शकतो. मुक्कामाचा खर्च शून्यावर येतो.

यात अडचणी नाहीत असे नाही. अठ्ठावीस सामन्यांसाठी पंचांचे मानधन, प्रथमोपचाराची सोय आणि चार मैदाने एकाच दुपारी उपलब्ध असणे आवश्यक आहे. वेगवेगळ्या विद्यापीठांच्या महाविद्यालयांना एका साखळीत आणायचे, तर परवानगीचे कागद दोन-तीन कार्यालयांतून फिरतील. या सामन्यांना विद्यापीठाच्या निवड प्रक्रियेत स्थान दिले नाही, तर ते मैत्रीपूर्ण सामनेच ठरतील आणि खेळाडूंचा उत्साह लवकर ओसरेल. सर्वांत कळीचा मुद्दा तोच आहे. निवड समितीने सात आठवड्यांची कामगिरी पाहून विद्यापीठाचा संघ निवडला, तर आजारपण, चिखल किंवा एखादी दुर्दैवी पेनल्टी यांवर कोणाचे भवितव्य टांगलेले राहणार नाही. दूरच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांसाठी बालोद, राजनांदगाव वा कवर्धा येथे अशाच छोट्या साखळ्या करून त्यांचे विजेते अखेरीस बाद पद्धतीने एकत्र आणता येतील.

प्रचलित व्यवस्थेत सोळा संघांतील आठ संघांचे खेळाडू एका दुपारनंतर बूट गुंडाळून ठेवतात आणि पुढच्या वर्षाची वाट पाहतात. त्यांच्यातील काहींना पुढचे वर्ष नसतेच. सात बुधवारांचा हंगाम त्यांना अजिंक्यपद देईलच असे नाही. मात्र हरल्यावर पुन्हा मैदानात उतरण्याची संधी तो नक्की देईल, आणि फुटबॉल शिकण्याचा मार्ग बहुतांशी त्या संधीतूनच जातो.